चुगलीचं झाड

ए निक्की, दार लोटून घे ना. आणि हर्षाली, तो फोन उलटा ठेव. हे या खोलीबाहेर गेलं ना, तर आमच्या घरात पुन्हा कुणी कुणाशी बोलणार नाही. आत्ताच जेमतेम बोलतात. तुम्हाला अर्धं माहितीये, उरलेलं अर्धं सावद्यातल्या लोकांनी आपल्या मनानं जोडलंय, म्हणून मी पहिल्यापासूनच सांगते. मध्ये बोलू नका, मी विसरते.

तर दादा. आमचा लोकेशदादा, एकतीस वर्षांचा, आणि दोन्ही किडन्या गेलेल्या. घरी ते सुटकेसएवढं मशीन आहे, दिवसाआड चार तास त्याला जोडून बसतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन पप्पांच्या केळीच्या ऑर्डरी बघतो. पण हातातली ती सुई लावायची नस आहे ना, ती दोनदा बंद पडली. डॉक्टर म्हणाले, या वर्षात किडनी बसवा, पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. आता मोठ्या शहरांत डुकराचीही बसवतात, पण दादाच्या रक्तात असं काहीतरी आहे की ते ती दोन दिवसांत नाकारेल. म्हणजे माणसाचीच हवी, आणि घरातल्याचीच. पप्पांना शुगर. कांचनवहिनींचं जुळत नाही. जुळलं फक्त दोघींचं. एक मम्मी, चोपन्न वर्षांची. दुसरी मी.

"आधी आईंची बघू," डॉक्टर म्हणाले. "तरुण किडनी जास्त वर्षं चालते हे खरं, पण मुलीचं सगळं आयुष्य पुढे आहे. तिला राखीव ठेवू."

राखीव! मी तिथेच समोर बसले होते गं. एसटीतल्या सीटबद्दल बोलावं तसं.

मग हॉस्पिटलच्या समितीपुढे गेलो. पाच माणसं, लांब टेबल, आणि आम्ही सगळे एका रांगेत. कॅमेरा चालू. एका सरांनी मम्मीला विचारलं, "आपण स्वखुशीने देताय ना?" मम्मीनं तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "आई आहे साहेब, हे काय विचारणं झालं?" सगळे हसले. मम्मीनं मान हलवली. झालं.

पण नुसती मान हलवून भागत नाही आता. तुम्ही ऐकलं असेल, दोन-तीन वर्षं झाली, देणाऱ्याच्या खोलीत तीन महिने एक झाड ठेवतात. लोक त्याला चुगलीचं झाड म्हणतात. फेब्रुवारीत तडवी मॅडम ते घेऊन आमच्याकडे आल्या. त्या हॉस्पिटलच्या समन्वयक, म्हणजे घेणारा, देणारा आणि डॉक्टर यांच्या मधल्या. चाळिशीच्या, बारीक, सगळं बघतात पण चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत अशा.

झाड इतकं सुंदर! ब्रोमेलियाड म्हणतात त्याला, अननसाच्या खानदानातलं. पट्ट्यासारखी हिरवीगार पानं, कारंज्यासारखी बाहेर वळलेली, आणि मधोमध पानांचीच एक वाटी झालेली. मॅडमनी त्या वाटीत पाणी ओतून दाखवलं.

"याची मुळं फक्त धरून ठेवायला. पाणी हे पानांनी पितं. वाटी कायम भरलेली हवी, आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून नवीन भरायचं, नाहीतर डास होतील. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षारांनी पानं करपतात. पावसाचं उत्तम, नसेल तर एसीचं गळतं ते."

"चेंबरमध्ये एसीचं बादल्यांनी गळतं," मम्मी म्हणाली. "मी आणत जाईन."

चेंबर म्हणजे आमचं केळी पिकवायचं चेंबर, गॅरेजएवढ्या थंड खोल्या, कच्चे घड आत जातात, चार दिवसांनी पिवळे होऊन बाहेर येतात. हे लक्षात ठेवा.

"ऊन थेट नको, कूलरचा झोत नको," मॅडम सांगत होत्या. "आणि एकदा फुललं की हे झाड हळूहळू जातं. आयुष्यात एकदाच फुलतं. बुडाला पिल्लं येतात, ती वेगळी लावायची."

"म्हणजे पिल्लं आली की हिचं काम संपलं," मम्मी म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत, आत्ता आठवतंय मला.

मग पप्पांनी विचारलं की हे चुगली कशी करतं. आणि ऐका, हे भारी आहे. अननसाच्या शेतात सगळी झाडं एकदम फुलावीत म्हणून शेतकरी त्यांना इथिलीन वायू देतात. घरी हौशी लोक ब्रोमेलियाड फुलत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत पिकलं सफरचंद ठेवून झाडावर बांधतात, कारण पिकणारं फळ हाच वायू सोडतं. पप्पा खुर्चीत पुढेच सरकले. "इथिलीन? अहो मॅडम, हा तर आमचाच गॅस! यावर तर आमचं घर चालतं!"

"तोच," मॅडम म्हणाल्या. "आणि माणूसही सोडतो. अगदी नावाला. शरीरात कुठे आतल्या आत सूज असेल, जुनं इन्फेक्शन असेल, कुणी सिगारेट ओढत असेल, तर पेशींमधली चरबी तुटते आणि श्वासात हा वायू किंचित वाढतो. मशीननं मोजता येतो, पण मशीन त्या दिवसापुरतंच सांगतं. लोक तपासणीच्या आधी आठ दिवस सगळं सोडतात आणि घरी गेल्यावर पुन्हा सुरू करतात. मग एक किडनी दिलेला माणूस वर्षभरात स्वतःच पेशंट होऊन येतो. म्हणून या झाडात बदल केलाय. साध्यापेक्षा हजारपट कमी वायू याला कळतो आणि रोजचं थोडं थोडं ते साठवत जातं. नव्वद दिवस हिरवं राहिलं तर ऑपरेशन. फुललं तर देणारा बाद."

बाद. म्हणजे मग राखीव. म्हणजे मी.

मी तेव्हा काय विचार करत होते सांगू? पुण्यातलं ते नद्यांच्या सर्वेक्षणाचं काम मला लागलं होतं, जूनपासून बोटीवर राहायचं होतं. मी त्या झाडाकडे बघून मनात म्हटलं, बाई, हिरवी राहा. दादाची काळजी होती गं. पण माझीही होतीच, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या घरात जो काही गोंधळ सुरू झाला! फळ घरात आणायचं नाही. अगरबत्ती बंद. पप्पांची रवानगी हॉलमध्ये, कारण त्यांच्या घोरण्यातूनही गॅस येईल अशी वहिनींना शंका. चेंबरमधून आले की पप्पा अंगणात नळाखाली आंघोळ करणार, कपडे बाहेरच्या दोरीवर, आणि मग टॉवेल गुंडाळून हाका मारणार, "कुणी लुंगी देता का, की मीपण बाद?" सावद्यात राहून केळ्याला नाही म्हणणारं आमचं एकच घर असेल.

वहिनी रोज सकाळी मम्मीच्या खोलीत जाऊन झाडाचा फोटो काढायच्या. आठवड्याला एक पाठवायचा होता, या रोज काढायच्या. मम्मी त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसायची, शनिवारी चेंबरमधून पाण्याचा कॅन आणायची. चाळीस दिवस झाड असं तरारलं होतं की तडवी मॅडमनी मेसेजमध्ये अंगठा पाठवला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी वहिनी किंचाळल्या.

आम्ही सगळे धावलो. वाटीच्या अगदी तळाशी, पाण्याखाली, मधली कोवळी पानं लालसर झाली होती. "उजेड पडलाय," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो लाल रंग पाण्याच्या वर आला. आठवड्यात त्यातून दांडा निघाला आणि टोकाला लालभडक, मेणाच्या ज्योतीसारखं फूल. इतकं देखणं फूल बघून कुणाचं तोंड एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दादा दारात उभा होता, भिंतीला हात टेकून. एकच शब्द बोलला.

"मशेरी."

हां, तर मम्मी आधी मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना घासायची. तिच्या माहेरी सगळ्याच बायका लावायच्या. दादा आजारी पडल्यावर तिनं सोडली. म्हणजे ती तसं म्हणाली होती.

"नाही रे," मम्मी म्हणाली.

"मग झाड खोटं बोलतंय का?"

झाडाला कशाला खोटं बोलायचंय?

त्या आठवड्यात आमचं घर कसं झालं होतं काय सांगू. वहिनींनी मम्मीची पेटी उपसली, "साड्यांना ऊन देते आई" म्हणत. तवा नाकाला लावून बघितला. मम्मी मागच्या अंगणात गेली की वहिनींना त्याच वेळी दोरीवरचे कपडे आठवायचे. आणि एकदा नाश्त्याला दादा मम्मीला म्हणाला, "तोंड कशानं धुतलंस?"

"पेस्टनं."

"नक्की?"

मम्मी उठली, त्याच्यासमोर गेली आणि तोंड उघडलं. "घे. वास घे."

मला वाटलं तो उठून जाईल. त्यानं घेतला गं. खरंच वाकून वास घेतला. आणि तरीही म्हणाला, "पेस्टचा येतोय. पेस्ट नंतरही लावता येते."

मम्मी पोळ्या लाटायला गेली. मला रडूच आलं, पण मी रडले ती तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे, कारण वहिनी तेवढ्यात माझ्या ताटात दोन चमचे तूप जास्त वाढत म्हणाल्या, "यामिनीताई, तुम्ही आता तब्येत सांभाळा हं."

मी ठरवलं, छडा लावायचाच. मम्मी शेजारी पापडाला गेली होती तेव्हा खोलीत शिरले, दार लावलं आणि झाड बघत बसले. आणि एक गोष्ट खटकली. सबंध झाड थोडंसं एका बाजूला कललेलं. पानं उचलून बघितली. खाली कुंडीत नारळाच्या काथ्याचा भुगा असतो, तो एके ठिकाणी नुकता दाबल्यासारखा. बोट घातलं तर टणक लागलं.

कुंकवाची डबी. प्लॅस्टिकची, मोरपंखी, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं. आत ओलसर पुडी.

ती पुडी मी लहानपणापासून बघतेय. हातगाडीवाले चेंबरचं भाडं देऊ शकत नाहीत, त्यांना पप्पा देतात. पाण्यात बुडवायची, भोकाच्या डबीत घालून फळाच्या खोक्यात ठेवायची, ती दिवसभर इथिलीन सोडत राहते. निक्की, तुझा चेहरा बघ! माझा तसाच झाला होता! आम्ही घरातून सगळी फळं हद्दपार केली, पप्पांना नळाखाली बसवलं, आणि ज्या वस्तूवर आमचं दुकान चालतं ती वस्तू कुणाच्या डोक्यात आली नाही. सावद्यातला कुठलाही गाडीवाला एका मिनिटात ओळखेल. आम्ही मात्र आईचं तोंड हुंगत बसलो.

पण ठेवली कुणी?

पप्पा? त्यांना मुलगा जगायला हवाय. दादा? तो तर स्वतःच मरेल. मी डबी हातात फिरवली आणि एकदम आठवलं, संक्रांतीला कोल्हेकाकूंच्या हळदीकुंकवात हीच डबी वाण म्हणून दिली होती. आमच्या घरातून दोघी गेल्या होत्या. मम्मी आणि वहिनी.

वहिनी!

मला सगळं लख्ख दिसायला लागलं. तरुण किडनी जास्त वर्षं चालते. नवऱ्याला चोपन्न वर्षांची कशाला, तेवीस वर्षांची मिळत असेल तर? सासू बाद झाली की राखीव नणंद आहेच. ते तूप! "तब्येत सांभाळा हं!" मला इतका राग आला की मी तशीच त्यांच्या खोलीत गेले. वहिनी दादाच्या मशीनची नळी पुसत होत्या.

"वहिनी, कोल्हेकाकूंची ती कुंकवाची डबी कुठंय तुमची?"

"का हो?" त्यांनी आरशाकडे बोट केलं. मोरपंखी डबी, आत सेफ्टी पिना. झाकण शाबूत.

मी तिथेच पलंगावर बसले. वहिनी विचारत होत्या काय झालं, मी म्हटलं चक्कर आली. त्यांनी घाबरून माझं बीपी घेतलं.

मग मला सुचलं, जे आधीच सुचायला हवं होतं. दर शनिवारी पाणी ओतताना कुंडी कोण आडवी करतं? डबी पाण्यानं भिजणार नाही इतक्या नेमक्या जागी कोण ठेवेल? चेंबरमध्ये कॅन घेऊन कोण जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मी गच्चीवर बिबडे घालत होती. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं आणि उन्हात टाकायचं. मी तिच्यासमोर बसले आणि डबी फडक्याच्या कडेला ठेवली.

तिनं बघितली. हातातला गोळा थापून पूर्ण केला, कडा गोल केल्या, मग म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"बरं."

"बरं काय मम्मी? दादा तुला काय काय बोलतोय! वहिनी तुझ्या साड्या हुंगतायत! आणि तू हे... का?"

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

मी वाट बघत होते. मला वाटलं पुढे काहीतरी असेल, तिला कुणी ज्योतिषानं सांगितलं, नाहीतर माहेरचं कुणी ऑपरेशनमध्ये गेलं. काही नव्हतं. एवढंच.

"पोट फाडून आतलं काढणार याची मला भीती वाटते. भूल दिल्यावर मी उठलेच नाही तर, याची वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"मग नाही म्हणायचंस ना!"

"कुणाला? मला विचारलं कुणी?"

"समितीनं विचारलं की!"

"तू होतीस तिथे. विचारलं मला, उत्तर कुणी दिलं?" तिनं दुसरा गोळा घेतला. "आणि मी नाही म्हटलं असतं तर पुढे काय? लोकेश रोज माझ्या हातचं जेवणार, त्याची बायको मला चहा देणार, शेजारणी येणार. मुलाला किडनी न देणारी आई. त्यापेक्षा मशेरीवाली म्हणून घेते. मशेरीवालीला लोक शिव्या देतात आणि विसरतात."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालंच. "आणि माझं काय? तू बाद झालीस की मी, माहिती होतं ना तुला?"

तेव्हा पहिल्यांदा तिचा हात थांबला.

"होतं. त्याचीच लाज वाटते. पण यामू, तू नाही म्हणू शकतेस. तू बहीण आहेस. बहिणीनं नाही म्हटलं तर लोक म्हणतील, बिचारीचं लग्न व्हायचंय. आईला तशी सवलत नाही गं."

मला तिचा राग आला होता, खूप. तिला मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. खाली उतरले, झाड उचललं, डबी पर्समध्ये टाकली आणि बस पकडून जळगावला तडवी मॅडमकडे गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं. की झाड चुकलं, मम्मी निरोगी आहे, पण ती तयार नाही, आणि तुम्ही सगळे मूर्ख आहात.

मॅडमनी झाड घेतलं, नंबर बघितला, कॉम्प्युटरवर लिहिलं, "फुलले. दाता अपात्र."

"मॅडम, एक मिनिट. या कुंडीत—"

"कुंडी आम्ही उकरत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही पण त्यात मला—"

"यामिनी." त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. "मी तीन वर्षं ही झाडं देतेय. जेवढी फुलतात तेवढी सगळीच माणसं आजारी नसतात. फुललेल्या झाडांच्या माणसांची आम्ही नंतर सगळी तपासणी करतो, निम्म्यांत काहीच सापडत नाही. बायका जास्त असतात त्यात. सुना, बहिणी, आया. कुणी केळ्याची सालं पुरतं, कुणी शेजारी उदबत्त्या लावतं. डॉक्टर म्हणाले, कुंडीला सील लावू. मीच म्हटलं, नको."

"म्हणजे तुम्हाला माहितीये?"

"मला काही माहिती नाही. मी फक्त कुंडी उकरत नाही. नाही म्हणायला त्यांच्याकडे दुसरी जागा नसते."

"मग सरळ एकटीला बोलावून विचारा ना! समितीत अख्खं घर बसवून काय विचारता?"

मॅडमनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुझं जेव्हा होईल तेव्हा तसा अर्ज कर. मी पुढे करते. आजवर कुणी केला नाहीये."

ए, त्या बसमध्ये परत येताना मला प्रत्येकाचाच संशय यायला लागला होता. मॅडमचा, डॉक्टरांचा, पप्पांचासुद्धा, की त्यांना आपल्या पुड्या कमी झालेल्या कळल्या नसतील का? कळून गप्प बसले का? आणि माझा. कारण मी डबी मॅडमच्या टेबलावर ठेवलीच नव्हती. ती पर्समध्येच होती. मी ती का ठेवली नाही, मम्मीसाठी, की मलाही कधी लागेल म्हणून?

घरी आले तर बैठक भरलेली. पप्पा, वहिनी, दादा मशीनला जोडलेला. पप्पा म्हणाले, "यामिनीचं झाड कधी येतंय, विचारलंस का?" म्हणजे ठरलंच होतं. तसंच, मम्मीसारखंच, एका रांगेत बसून. वहिनी लगेच, "आईंसारखं नको व्हायला बाई, ताईंच्या खोलीत मी झोपत जाईन लक्ष ठेवायला." मम्मी कोपऱ्यात बिबडे मोडत बसली होती, मान खाली.

माझ्या जिभेवर होतं सगळं. मम्मीला एका वाक्यात निर्दोष करता आलं असतं, आणि त्याच वाक्यात आयुष्यभरासाठी दोषी. मी ते गिळलं आणि दादासमोर जाऊन बसले.

"दादा, तू मला विचार."

"काय विचारू?"

"मला तुझ्यासाठी काय करायचंय ते. तू अजून कुणालाच विचारलं नाहीयेस. डॉक्टर बोलतात, पप्पा बोलतात, वहिनी तूप वाढतात. किडनी तुला हवीये ना? मग तोंडानं माग."

"यामू, काहीतरी काय!" पप्पा ओरडले. "असं मागतात का? घरातल्या घरात?"

"घरातल्या घरातच मागायला पाहिजे पप्पा."

दादाचा चेहरा लाल झाला होता. तो मशीनकडे बघत होता, तिथं त्याचं रक्त फिरत होतं नळीतून. मला वाटलं तो चिडेल. खूप हळू म्हणाला, "मला मागता येत नाही गं. मी काय तोंडानं मागू? तुझ्या पोटातलं..."

"तसंच. असंच म्हण."

आणि मग तो म्हणाला. नीट, माझ्याकडे बघून. "यामू, मला तुझी किडनी देशील का? नाही म्हणालीस तरी मी तुझा दादाच आहे."

मी म्हटलं, "तीन दिवस दे." वहिनींनी कपाळावर हात मारला. दादा म्हणाला, "घे."

आणि मग तो मम्मीकडे वळला. मी काही बोलले नव्हते, शप्पथ, एक अक्षर नाही. पण स्वतः मागून बघितल्यावर त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. बघतच राहिला तिच्याकडे. मम्मीनं मान वर केली आणि खाली घातली. दादा वहिनींना म्हणाला, "कांचन, यापुढे मम्मीच्या पेटीला हात लावायचा नाही. आणि मशेरीचं नाव या घरात काढायचं नाही. माझ्याकडून चुकलं." का चुकलं, ते नाही बोलला. वहिनींनी नंतर मला दहा वेळा विचारलं की हे अचानक काय झालं. अजून माझ्याकडे संशयानं बघतात.

तीन दिवसांनी मी हो म्हटलं. पुण्याच्या लोकांना कळवलं, त्यांनी जागा पुढच्या वर्षापर्यंत ठेवलीये, म्हणे बघू. एकटीनं समितीपुढे जायचा अर्ज केला, मॅडमनी खरंच पुढे केला. पंधरा मिनिटं, कॅमेरा, मी आणि एक बाई. त्या बाईंनी विचारल्यावर मी म्हटलं, हो, आणि मला भीतीही वाटते, दोन्ही लिहा. त्यांनी दोन्ही लिहिलं.

नाही हर्षाली, गोष्ट संपली नाहीये. तू टाळ्या नको वाजवूस.

माझं झाड आलंय. साठ दिवस झाले, खिडकीपासून हातभर लांब ठेवलंय, हिरवंगार आहे. वहिनींना मी खोलीत झोपू दिलं नाही. त्या सकाळी येऊन फोटो काढतात आणि जाताना हळूच माझा श्वास ऐकतात, त्यांना वाटतं मला कळत नाही. दादा दारापर्यंत येतो, मला विचारतो झोप झाली का, आणि झाडाकडे न बघता जातो. मुद्दाम बघत नाही. त्याला किती जड जात असेल ते मला त्याच्या मानेवर दिसतं.

पाणी मम्मीच बदलते. मी नको म्हटलं होतं, ती म्हणाली तुला जमत नाही, पानं मोडशील. ती दार लावून घेते, कुंडी आडवी करते, जुनं पाणी बादलीत ओतते, नवीन भरते. आणि पाणी ओतताना, माझ्याकडे न बघता, दर वेळी विचारते, "अजून हो आहे ना?"

आधी मला वाटायचं ती स्वतःचं ओझं कमी करायला विचारते. मग वाटलं, परीक्षा घेते. आता कळत नाही. पण तिनं विचारलं की मला खरंच विचार करावा लागतो. मागच्या आठवड्याचा हो चालत नाही तिला. एकदा मी इतका वेळ गप्प राहिले की वाटी भरून पाणी बाहेर सांडलं, ती तशीच कॅन धरून उभी होती, घाईच केली नाही तिनं.

आठ वेळा विचारलंय आत्तापर्यंत. आठ वेळा मी हो म्हटलंय.

उद्या शनिवार आहे.